पेटी येईल, पण माझ्यासकट

जुन्या गाण्याचा कार्यक्रम बसवणारा नीलेश पेटी न्यायला आला, त्या दिवशी सुनंदाबाई वेफर्ससाठी कच्ची केळी सोलत बसल्या होत्या. चिकाने बोटं काळी पडू नयेत म्हणून दोन्ही हातांना तेल चोपडलेलं, त्यामुळे दार उघडलं ते त्यांच्या यजमानांनी, सुनीलरावांनी. बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागातल्या त्या अरुंद गल्लीत नीलेशने छोटा टेम्पो कसाबसा घुसवला होता. आत येऊन त्याने सोबतच्या दोन हमालांना पेटी दाखवली. खिडकीखाली फुलाफुलांच्या चादरीने झाकलेली, पायाने भाता मारायची जुनी पायपेटी. वर नातवंडांचे फोटो मांडलेले.

"काकू, टेन्शन नका घेऊ. गादीत लपेटून नेतो अन् प्रोग्राम झाला की दुसऱ्या दिवशी वापस," तो म्हणाला, आणि खिशातून नुकतीच छापून आलेली पुस्तिका काढून त्याने कौतुकाने त्यांच्यापुढे धरली.

हात तेलकट असल्यामुळे सुनंदाबाईंनी ती लांबूनच वाचली. 'सलई', १९७७. गीत, गायन आणि ऑर्गन: ललित. गिटार: सुकलाल. ड्रम: बाबुराव. मग शेवटच्या पानावर, मांडववाले आणि चहावाले यांच्या मध्ये कुठेतरी: ऑर्गन उपलब्ध करून दिल्याबद्दल सुनंदाकाकू, लालबाग, यांचे आभार.

त्यांनी हातातलं केळं सोलून पूर्ण केलं, पाण्यात टाकलं आणि विचारलं, पेटी वाजवणार कोण. मीच, नीलेश म्हणाला. दोन महिने झाले, रोज तेवढ्या तुकड्याचीच प्रॅक्टिस करतोय.

"पेटी येईल," सुनंदाबाई म्हणाल्या, "पण माझ्यासकट."

नीलेशला वाटलं, काकूंना टेम्पोत बसून यायचंय. तो म्हणाला, हो या ना, पुढची सीट देतो. सुनीलराव हसायला लागले आणि त्यांनी हमालांना पाणी दिलं, कारण पेटी आज काही हलत नाही हे त्यांना कळलं होतं.

बुऱ्हाणपूरहून रेल्वेने निघालं की चांदनी टेशनाच्या पुढे कागद कारखान्याची वसाहत लागते. सुनंदाबाईंचं माहेर तिथलं. वडील टाइम ऑफिसात कारकून. कॉलनीत निम्मी कुटुंबं महाराष्ट्रातून आलेली, आणि चार मराठी कुटुंबं जमली की नाटक बसणारच, तसं तिथेही नाट्यमंडळ होतं. मंडळाची म्हणून ही पेटी. चौदाव्या वर्षापासून सुनंदा तीवर नाटकातली पदं वाजवायची.

कॉलनीत त्याच सुमारास तीन पोरं बिघडली, असं मोठी माणसं म्हणायची. कागद तपासायच्या प्रयोगशाळेतला ललित, चष्मेवाला, कविता करणारा. नदीपलीकडच्या जैनाबादचा सुकलाल, घरी केळीचे बाग, पण हा ठेकेदाराकडे मजुरी करून गिटारसाठी पैसे साठवणारा. आणि मशीनवर ओल्या कागदाच्या टोकाला उभा राहणारा बाबुराव. यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना गेस्ट हाऊसवर रेकॉर्ड प्लेअर, टेप मशीन आणि दहाबारा रेकॉर्डी सोडून गेला, आणि ते सगळं या तिघांच्या हाती लागलं. रेकॉर्डच्या एका बाजूला एकच गाणं, वीस-वीस मिनिटांचं. धृपद फिरून येत नाही, ताल मध्येच बदलतो, गाणारा निघून जातो आणि वाद्यंच बोलत बसतात. शेजारचे विचारायचे, रेकॉर्डला चरा पडलाय का. या तिघांना मात्र वाटलं, असं काहीतरी आपणही करू शकतो.

ताल बाबुरावाला मशीनमध्ये सापडला. ओला कागद ज्या लोकरी पट्ट्यावरून पुढे जातो त्याला फेल्ट म्हणतात. त्या पट्ट्याचा जोड फिरत्या लोखंडी रोळाखालून गेला की धप आवाज होतो. दोन पट्टे, दोन जोड, दोघांचा वेग वेगळा. बाबुराव आठ-आठ तास ते ऐकायचा आणि बोटांवर मोजायचा: सात, मग पाच, मग पुन्हा सात. ललितने त्यावर सलईच्या झाडाची गोष्ट रचली. जंगलात तोडलं, कारखान्यात शिजवलं, रोळांतून पिळलं, वर्तमानपत्र होऊन छापलं, आणि शेवटी बुऱ्हाणपूरच्या हलवायाने मावा जिलबीखाली घातलं. झाडाला वाटतं, एवढ्यासाठी? आणि गाणं संपतं. चौदा मिनिटं.

आता त्यांना फक्त पेटी हवी होती. पेटी म्हणजे सुनंदा. वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजला रोज रेल्वेने जाणारी. सात-पाचचा हिशेब तिने पहिल्याच दिवशी पकडला आणि चुकलेल्या बाबुरावाला थांबवून सांगितला, तेव्हापासून तो तिला मास्तरीण म्हणायचा.

रेकॉर्डिंग एका रविवारी दुपारी झालं. मशीन हाऊसच्या भिंतीला लागून फेल्टचं जुनं गोदाम होतं, नाट्यमंडळाला पडदे ठेवायला दिलेलं. भिंतींना जुनी फेल्टं टांगली की आवाज घुमत नसे. टेप एकच होती, आणि तीही अर्धी वापरलेली. म्हणजे चुकून चालणार नव्हतं. नऊ मिनिटं सगळं छान झालं. मग भिंतीपलीकडे भोंगा वाजला, तीन वेळा, तुटक.

कारखान्यात या तीन भोंग्यांचा अर्थ एकच: कागद तुटला. मशीन थांबवत नाहीत. मागून ओला कागद येतच असतो, त्याचे ढीग साचतात, म्हणून जो असेल त्याने पळायचं, तुटलेल्या कागदाचं शेपूट धरायचं आणि हाताने पुन्हा पुढच्या रोळांत लावायचं. जेवणारा घास टाकून पळतो, आंघोळ करणारा ओल्या अंगाने पळतो. कॉलनीतल्या बायका एकमेकींना सांगायच्या, आमचे हे झोपेतसुद्धा उठून बसतात.

तर ते तिघं उठले. सुट्टी होती, पाळी दुसऱ्यांची होती, हातात गिटार होती, तरी उठले आणि पळाले. ललित तर प्रयोगशाळेतला, त्याचा मशीनशी संबंध काय, पण तोही पळाला. गोदामात उरली सुनंदा आणि फिरणारी टेप.

भोंगा तिच्यासाठी कधी नव्हताच. कारखान्यात मशीनवर एकही बाई नव्हती, तिला कोणी पळायला शिकवलंच नव्हतं. तिने टेपकडे पाहिलं. टेप फिरतेय, दुसरी नाही. तिने पाय थांबवला नाही. हातात येईल ते वाजवत राहिली. पेटीचा तीव्र मध्यम उंदराने त्या पट्टीखालचं चामडं कुरतडल्यापासून मुका होता, तो टाळून वाजवत राहिली. एकदा दाराकडे पाहताना पाय घसरला, सूर क्षणभर दमला, तिने पुन्हा उचलला. तिकडे पाळीवाल्यांनी तिघांना हसून परत पाठवलं. आधी सुकलाल आला आणि गिटार घेतली, मग ललित, सगळ्यात शेवटी बाबुराव, धापा टाकत. त्याच्या धापा टेपवर ऐकू येतात. बहात्तर सेकंद ती एकटी होती.

गणपतीत गाणं वाजलं, टेपच्या नकला निघाल्या. नकलेच्या पुठ्ठ्यावर नावं लिहायची वेळ आली तेव्हा सुनंदाच्या वडिलांनी ललितला बोलावून सांगितलं, मुलीचं स्थळ बघतोय, तिचं नाव नको. ललित बरं म्हणाला. सुनंदाही गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा राग तिला पुढे कित्येकदा आला, पण त्या वेळी ती राहिली हे खरं.

मग सुनीलरावांशी लग्न झालं, ते कारखान्यातच इलेक्ट्रिशियन. मुलं झाली, बुऱ्हाणपूरला घर बांधलं. नाट्यमंडळ बंद पडलं तेव्हा पेटी भंगारात निघणार होती, ती त्यांनी आणली. सुकलाल वारला, ललितही चार वर्षांपूर्वी गेला. आणि मधल्या काळात कोणीतरी ती टेप इंटरनेटवर टाकली. आता पुण्याची, इंदूरची, कुठकुठली पोरं 'सलई' ऐकतात, वाजवतात, त्यावर तास-तासभर बोलतात. सगळं बोलणं त्या बहात्तर सेकंदांवर. ललितने तीव्र मध्यम गाळून जंगलाची पोकळी दाखवली आहे. सूर दमतो ते झाडाचं मरण. त्या धापा म्हणजे मजुरांचा श्वास. सुनंदाबाई फोनवर हे ऐकत भाजी निवडायच्या आणि सुनीलरावांना सांगायच्या, उंदराचं नाव तेवढं घ्यायचं राहिलं बघा.

हसण्यावारी नेत होत्या, तोवर ठीक होतं. पण वर्षभरापूर्वी बाबुरावांनी कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की आम्ही तिघांनी आधीच ठरवलं होतं, भोंगा वाजला की दोघांनी वाद्यं खाली ठेवायची आणि ललितने पेटीवर बसायचं. त्या दिवसापासून सुनंदाबाईंनी हसणं सोडलं.

नीलेश दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, टेम्पो न घेता. सुनंदाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मुलगा उर्मट नव्हता. पण तो म्हणाला, काकू, उंदराचं तर पेटी उघडून बघणाऱ्या कोणालाही कळेल. ललितजी आता नाहीत, जे गेले त्यांच्याबद्दल स्टेजवरून असं कसं बोलायचं? आणि बाबुरावजी स्वतः सांगतायत. मग अडखळत त्याने तडजोड सुचवली: पाहुण्या कलाकार म्हणून तुम्ही तेवढा तुकडा वाजवा, शाल-श्रीफळ देऊ, आणि निवेदनात म्हणू, ललितजींची रचना.

"ललितची रचना मी वाजवणार नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "कारण ती नाहीच. तुला दुसरी पेटी मिळेल. भुसावळला बघ."

दुसरी पेटी मिळाली असती, पण जाहिरातीत 'मूळ ऑर्गनसह' असं छापून झालं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी नीलेश बाबुरावांनाच स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला.

बाबुराव सत्त्याहत्तर वर्षांचे. गुडघे गेलेले, पण हात अजून मांडीवर ताल धरतात. सुनंदाबाईंनी त्यांना पंख्याखाली बसवलं, चहा दिला, सूनबाईची चौकशी केली. चहा संपला तरी ते मुद्द्यावर येईनात. शेवटी कप बाजूला ठेवून म्हणाले,

"मास्तरीण, आता या उमरीत मला खोटं पाडू नको."

"मग खरं बोला ना बाबुभाऊ."

"काय बोलू? का आम्ही आपलंच गाणं सोडून पळालो? पोरं येऊ राहिली पाया पडायला. एक तर परदेशातून आला होता. त्याला सांगू, का बाबा, मी पळालो होतो?"

ललितने हे गमतीत सुरू केलं, असं ते म्हणाले. कोणीतरी विचारलं, हे ठरवून होतं का, तर तो हो म्हणाला. एकदा हो म्हटल्यावर मागे फिरणं जमलं नाही. आणि आता ललित नाही, तेव्हा त्याचं हो सांभाळणं आपल्यावर आलं. सुनंदाबाई ऐकत होत्या. त्यांना बाबुरावांचा राग येत होता आणि मांडीवर ताल धरणाऱ्या त्यांच्या हाताकडे बघून वाईटही वाटत होतं. पण वाईट वाटलं म्हणून गप्प राहायचं, हे त्या एकदा करून बसल्या होत्या.

"मी स्टेजवर एक शब्द बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एक करू. भोंगा खरा वाजवू."

सुनीलरावांनी नोकरीत असताना जुनं पॅनल बदललं, तेव्हा तो भोंगा घरी आणला होता. माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला. नीलेशचे डोळे चमकले. खरा भोंगा, खरी पेटी, यापेक्षा त्याला काय हवं होतं.

"तुम्ही ड्रमवर असाल," सुनंदाबाई बाबुरावांना म्हणाल्या. "ठरवूनच होतं ना? मग भोंगा वाजला की ठरवल्यासारखे बसून राहा. तुम्ही बसून राहिलात तर मी पेटीवरून उठेन. नीलेश बसेल, आणि पुस्तिकेत छापलंय ते तसंच राहील, माझ्या मरणानंतरसुद्धा. उठलात तर काय ते तुम्हीच सांगा."

बाबुराव मोकळेपणी हसले. रिटायर होऊन सतरा वर्षं झाली बाई, म्हणाले, आता तर मला घरची बेल ऐकू येत नाही. कबूल.

ते गेल्यावर सुनीलराव माळ्याच्या शिडीवर चढता चढता थांबले. "आणि नाही उठला तर?"

"तर अठ्ठेचाळीस वर्षं मीच चुकीचं समजत होते. धरा, पोतं खाली द्या."

एवढं बोलल्या, पण त्या आठवड्यात त्यांच्या हातून दोनदा वेफर्स करपले.

कार्यक्रम गावातल्या शनवारा दरवाज्याजवळच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. पुढच्या रांगा गिटारवाल्या पोरापोरींनी भरलेल्या. मागे, नीलेशने बस करून आणलेले कारखान्याचे जुने कामगार, साठ-सत्तर तरी असतील, पांढरे केस, इस्त्रीचे शर्ट. गाणं असं असतं का, म्हणून निम्मे आल्यापासून कुरकुरत होते.

मशीनचा भाग तेवढा बाबुराव वाजवणार होते. आठव्या मिनिटाला बँडचा मुलगा ड्रमवरून उठला आणि ते बसले. सात, पाच, सात. गुडघे गेलेल्या माणसाचा हात इतका खणखणीत असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मागची कुरकुर थांबली. हा ताल त्या माणसांनी कानांनी नाही, तळपायांनी ओळखला असावा.

सुनंदाबाई पेटीवर, चपला काढून. उजव्या हाताला नीलेश उभा, त्या उठल्या की लगेच बसायच्या तयारीने, हातात सेकंद मोजणारा फोन. बाबुराव त्यांच्या पाठीमागे. म्हणजे ते उठले की बसले, हे त्यांना दिसणार नव्हतं. ऐकावं लागणार होतं.

विंगेत सुनीलरावांनी बटण दाबलं.

पहिला भोंगा. बंद हॉलमध्ये तो असा आदळला की पुढच्या रांगेतल्या पोरींनी कान झाकले. बँड ठरल्याप्रमाणे थांबला. सुनंदाबाईंनी भाता मारला, बोटं पट्ट्यांवर ठेवली. मागे काही हालचाल नाही.

दुसरा भोंगा. नीलेश एक पाऊल पुढे सरकला. मागे अजून काही नाही. सुनंदाबाईंनी पहिला सूर लावला, कारण हरायचं असलं तरी वेळेवर लावायला हवा होता.

तिसरा भोंगा, आणि पाठीमागे ड्रमचं स्टूल पडल्याचा आवाज आला.

त्याच क्षणी हॉलच्या मागच्या बाजूला खुर्च्या करकरल्या. साठ-सत्तर म्हातारे एकदम उभे होते. कोणाचा हात समोरच्या माणसाच्या खांद्यावर, कोणी रांगेतून अर्धवट बाहेर, एकजण तर दारापर्यंत पोचला होता. त्यांच्या बायका त्यांचे शर्ट ओढत होत्या. आणि स्टेजवर, दोन्ही काठ्या एका मुठीत धरून, गुडघे गेलेले बाबुराव ड्रमपासून तीन पावलं पुढे आलेले.

पुढच्या पोरांना काही कळेना. सगळ्यात आधी म्हाताऱ्यांनाच कळलं. कोणीतरी हसलं, मग सगळी मागची बाजू हसायला लागली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. बसलं मात्र कोणीच नाही.

सुनंदाबाई वाजवत होत्या. तीव्र मध्यम त्यांनी केव्हाच दुरुस्त करून घेतला होता, पण तो टाळूनच वाजवत होत्या, जसा होता तसा. नीलेशच्या फोनवर चाळीस सेकंद झाले, पन्नास झाले. साठाव्या सेकंदाला बाबुराव माइकपाशी गेले. पेटी चालूच होती, तिच्यावरून त्यांचा आवाज आला.

"आम्ही तिघं पळालो होतो. ठरवून काही नव्हतं. पेटी ललितने नाही वाजवली, हिने वाजवली. ही एकटी बसून राहिली, म्हणून गाणं राहिलं."

ते एवढंच बोलले. मग मागे गेले, स्टूल स्वतः उचलून बसले आणि काठ्या वर धरल्या.

बहात्तर सेकंद झाले. नीलेशने सवयीने हात वर केला, आता गिटार यायची होती. सुनंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा टेप संपत आली होती, वडील होते, स्थळ होतं. आज काहीच संपत आलं नव्हतं. त्यांनी सूर उलट दिशेने वळवला, जिथे तेव्हा जायला वेळच नव्हता तिथे नेला, आणि मग इतका वेळ टाळलेला तीव्र मध्यम सावकाश, पूर्ण दाबून लावला. नीलेश हात खाली घ्यायचं विसरला.

गिटारवाला ताटकळला होता. बाबुराव काठ्या उचलून तसेच बसले होते, नजर मास्तरणीच्या मानेवर. ती मान हलवेल तेव्हा ते येणार होते. मागे म्हातारे अजून उभे होते.

सुनंदाबाईंनी मान हलवली नाही. भाता मारत राहिल्या.